मते कुणाची मोजायची? कोमोरोस आणि मायोतची कहाणी

सार्वमताचा विषय निघाला की आम्हा भारतीय मुसलमानांना आधी सिल्हेट आठवते. ६ आणि ७ जुलै १९४७ ला तिथे मतदान झाले आणि जिल्ह्याने पूर्व बंगालच्या बाजूने कौल दिला. पण रॅडक्लिफसाहेबांची रेघ आली तेव्हा त्याच जिल्ह्यातला करीमगंजचा भाग भारतात राहिला. लोकांनी मत दिले ते जिल्हा म्हणून, रेघ ओढली गेली ती ठाण्याठाण्यांमधून. लोकांना विचारून ठरवायचे हे ठीकच आहे. पण लोक म्हणजे कोण? मोजायचा घटक जिल्हा, तालुका की गाव? 'खेडे हा घटक' ही सीमालढ्याची भाषा कानावर पडत वाढलेल्या मराठी माणसाला हा सवाल नवा नाही. बेळगाव-कारवारच्या वादात अर्धशतकाहून अधिक काळ आपण तोच सवाल विचारत आलो आहोत.

या सवालाचे सगळ्यात उघडे-वाघडे रूप पाहायचे असेल, तर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापाशी जावे लागते. मादागास्कर आणि मोझांबिक यांच्या मधल्या समुद्रात चार बेटे आहेत. अरब खलाशांनी त्यांना 'जुझुर अल-कमर' म्हटले, म्हणजे चंद्राची बेटे. त्या 'कमर'चेच पुढे कोमोरोस झाले. नकाशात त्यांची फ्रेंच नावे असतात: ग्रांद कोमोर, आंजुआन, मोहेली आणि मायोत. तिथले लोक त्यांना न्गाझिजा, न्झुआनी, म्वाली आणि माओरे म्हणतात. चारही बेटांवरची जवळपास सारी वस्ती मुसलमान, सुन्नी आणि शाफई. आम्हा कोकणी मुसलमानांचाही मसलक तोच, आणि ते काही योगायोगाने घडलेले नाही. ज्या मोसमी वाऱ्यावर अरबांची गलबते आपल्या किनाऱ्याला लागली, त्याच वाऱ्यांच्या जोरावर ती आफ्रिकेच्या किनाऱ्यालाही लागत होती. तिथले काझी इमाम नववींच्या 'मिन्हाज'वरून निवाडे करत आले. कोकणातल्या आलिमांनाही हा ग्रंथ परका नाही.

हे इतके सांगण्याचे कारण आहे. आपल्या उपखंडात फाळणीची चर्चा धर्माशिवाय होतच नाही. दोन धर्म म्हणून दोन देश, आणि धर्म एक म्हणजे देश एक, हे गृहीत दोन्ही बाजूंच्या डोक्यात पक्के बसले होते. १९७१ ला बांगलादेशाने त्याला पहिला मोठा तडा दिला. पण तिथे भाषेचा झगडा तरी होता. कोमोरोसमध्ये धर्म एक, मसलक एक, भाषा एकमेकींच्या बहिणी आणि सगळ्या स्वाहिलीच्या नात्यातल्या. मायोतच्या काही गावांत मादागास्करची बोली चालते एवढाच काय तो फरक. एका बेटावरच्या मुलीचे सासर दुसऱ्या बेटावर, ही रोजची गोष्ट. असे असूनही १९७४ च्या मतदानात एक बेट बाकीच्या तिघांच्या उलट गेले आणि तो तिढा अजून सुटलेला नाही.

सुरुवात मायोतपासूनच करावी लागते. या बेटांवर अनेक सुलतान होते आणि त्यांचे आपसांत कधी पटले नाही. मायोत दुबळे, त्यामुळे शेजारच्या बेटांचा डोळा त्याच्यावर. १८३० च्या दशकात मादागास्करमधून परागंदा झालेला अंद्रियांत्सोली नावाचा सकलावा राजा तिथे आला. त्याने इस्लाम स्वीकारलेला होता. पुढे तो मायोतचा सुलतान झाला खरा, पण गादी टिकवण्याची ताकद त्याच्यात नव्हती. २५ एप्रिल १८४१ ला त्याने वर्षाकाठी पाच हजार फ्रँकच्या तनख्यावर बेट फ्रेंचांच्या हवाली केले. बाकीच्या तीन बेटांवर फ्रान्सचे संरक्षण आले ते १८८६ ला, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. मायोतचे लोक आजही अभिमानाने सांगतात की नीस आणि साव्हॉय फ्रान्समध्ये आले १८६० ला, आम्ही त्यांच्याही आधीचे! एका परागंदा सुलतानाने तनख्यासाठी केलेला सौदा पुढच्या पिढ्यांना खानदानी सनदेसारखा वाटू लागतो. इतिहासाची ही खोड आपल्या संस्थानिकांच्या मुलखातही पाहायला मिळते.

१९१२ ला चारही बेटे कायद्याने फ्रेंच वसाहत झाली आणि मादागास्करला जोडली गेली. १९४६ ला ती वेगळी होऊन त्यांचा स्वतंत्र सागरपार प्रदेश झाला. चार बेटे, एक प्रशासन, राजधानी मायोतच्या द्झाऊद्झी या चिमुकल्या गावी. पुढे स्वातंत्र्यवाद्यांनी 'आमचा मुलूख एक आहे' म्हटले तेव्हा त्यांच्या हातात हाच पुरावा होता. म्हणजे दोन्ही बाजूंचे दस्तऐवज फ्रेंच सरकारच्याच दप्तरातले! मायोतवाले १८४१ चा करार दाखवत, बाकीचे १९१२ चा कायदा.

डिसेंबर १९५८ ला प्रादेशिक विधानसभेत भवितव्यावर मतदान झाले. २५ विरुद्ध ४ मतांनी आहे तोच दर्जा ठेवायचे ठरले. ते चार सभासद मायोतचे होते आणि त्यांना फ्रान्सचा पूर्ण जिल्हा व्हायचे होते. चार विरुद्ध पंचवीस! त्या सभागृहात आपले कधीच काही चालणार नाही, हे मायोतला त्या दिवशी उमगले असावे. त्याच वर्षी राजधानी द्झाऊद्झीहून ग्रांद कोमोरवरच्या मोरोनीला हलवण्याचा निर्णय झाला आणि १९६० च्या दशकात तो अमलात आला. कचेऱ्या गेल्या, कारकून गेले, शिपाई गेले. आमच्या मते मायोतच्या फाटाफुटीचे खरे मूळ इथे आहे. १८४१ च्या करारात ते नंतर शोधले गेले.

राजधानी गेली तेव्हा सगळ्यात जास्त पोळल्या त्या बायका. या बेटांवर घर बाईच्या नावाचे असते, लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. नोकरदार पुरुष मोरोनीला निघून गेले, पण घरे सोडून बायका कुठे जाणार? बाजारही बसला. मग या बायकांनी असे हत्यार काढले, की जगाच्या इतिहासात त्याला जोड सापडणे कठीण. मोरोनीहून मंत्री आला की पाच-पंचवीस जणी त्याच्याभोवती कडे करायच्या आणि त्याला गुदगुल्या करायच्या! तो हसून हसून बेजार व्हायचा, लाजेने अर्धमेला व्हायचा आणि आल्या पावली होडीत बसायचा. हात उगारावा तर समोर बायका, तक्रार करावी तर कशाची? झेना म्देरे ही त्यांची पुढारी. फ्रेंचमध्ये या बायकांना 'गुदगुल्या करणाऱ्या' असेच नाव पडले आणि ते इतिहासात राहिले. वाचताना हसू येते, पण १९६९ च्या एका निदर्शनात झाकिया मादी ही तरुणी मृत्युमुखी पडली, हेही त्याच चळवळीतले. मुस्लिम बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही असे समजणाऱ्यांनी, आणि त्यात आपलेही लोक आले, हे पान जरूर वाचावे. मागणी पटो न पटो, एका बेटाचे राजकारण या बायकांनी फिरवले.

आता खुद्द मतदानाकडे येऊ. १९७२ च्या अखेरीस विधानसभेत स्वातंत्र्यवाद्यांची बाजू पक्की झाली. सरकारचे प्रमुख अहमद अब्दल्ला हे आंजुआनचे व्यापारी. १५ जून १९७३ ला पॅरिसमध्ये त्यांच्यात आणि फ्रेंच सरकारात समझोता झाला: पाच वर्षांच्या आत लोकांना स्वातंत्र्याबद्दल विचारायचे. निकाल चारही बेटांचा मिळून धरायचा, बेटनिहाय नाही, हेही ठरले. ऑक्टोबर १९७४ ला राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी पत्रकारांपुढे हीच भूमिका मांडली. कोमोरोस हा एकच मुलूख आहे, त्याचे भवितव्यही एकच असायला हवे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे सामना सुरू होण्याआधी नियम स्पष्ट होते.

पण नोव्हेंबर १९७४ चा कायदा फ्रेंच संसदेतून बाहेर पडला तेव्हा त्यातला एक शब्द बदललेला होता. कोमोरोसच्या लोकसमूहाला विचारण्याऐवजी आता लोकसमूहांना विचारले जाणार होते. मराठीत हा फरक एका अनुस्वाराचा. त्या एका टिंबाने मात्र एका मुलखाचे चार मुलूख करण्याची वाट मोकळी झाली. एक लोकसमूह असेल तर बहुमत एकच. लोकसमूह चार असतील, तर बहुमतेही चार!

२२ डिसेंबर १९७४ ला मतदान झाले. चारही बेटे मिळून ९४ टक्क्यांहून जास्त मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. तीन बेटांवर तर विरोध औषधापुरताच होता. मायोतमध्ये मात्र तिथल्या जवळपास दोन तृतीयांश मतदारांनी 'नाही' म्हटले. आकडे सगळ्यांनी मान्य केले, त्यांचा अर्थ मात्र कुणी मान्य केला नाही. मोरोनी म्हणाली, एवढा मोठा कौल मिळाला, आता वाट कसली पाहता? मायोत म्हणाले, आमचा कौल तुमच्या कौलात बुडवू नका.

फ्रेंच संसदेने ३ जुलै १९७५ ला आणखी एक कायदा करून मेख मारली. नव्या देशाची घटना प्रत्येक बेटाने वेगवेगळी मंजूर करायची, आणि एखाद्या बेटाने ती अखेरपर्यंत नाकारलीच तर ती मंजूर करणाऱ्या बेटांपुरती लागू होईल. अब्दल्लांना यातला डाव कळला. तीनच दिवसांनी, ६ जुलैला, त्यांनी एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. त्या बैठकीला मायोतचे सभासद आले नाहीत. महिना होतो न होतो तोच अब्दल्लांची सत्ता उलथली गेली आणि अली स्वालिह यांचे राज्य आले. पुढे भाडोत्री सैनिक बॉब देनार, १९७८ ला स्वालिह यांचा खून, अब्दल्लांचे पुनरागमन, १९८९ ला त्यांचाही खून... सत्तापालटांची ही माळ लांबलचक आहे. ती इथे ओवत बसत नाही. एवढेच म्हणतो की प्रत्येक बंडानंतर मायोतमधले लोक एकमेकांना म्हणत असणार, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

१२ नोव्हेंबर १९७५ ला संयुक्त राष्ट्रांनी कोमोरोसला सदस्य करून घेतले आणि ठरावात चारही बेटांची नावे लिहिली, मायोतसकट. यामागे १९६० चा प्रसिद्ध ठराव होता. वसाहतींना स्वातंत्र्य देताना त्यांच्या मुलखाचे तुकडे करू नयेत, असे तो सांगतो. आफ्रिकी एकता संघटनेनेही १९६४ ला कैरोत ठरवले होते की स्वातंत्र्याच्या वेळच्या सरहद्दी, बऱ्या असोत की वाईट, तशाच मानायच्या. एकदा त्या उकलायला घेतल्या तर आफ्रिकेत एकही देश शिल्लक राहणार नाही, ही त्यामागची भीती होती आणि ती अजिबात खोटी नव्हती. फ्रान्सने मात्र आपल्या घटनेतले ५३ वे कलम पुढे केले. तिथल्या लोकांच्या संमतीशिवाय मुलखाची देवघेव वैध नाही, असे ते कलम म्हणते. ३० डिसेंबर १९७५ ला फ्रान्सच्या घटना परिषदेने त्यावर मोहर उमटवली आणि लगोलग तीनच बेटांचे स्वातंत्र्य मान्य करणारा कायदा झाला. ६ फेब्रुवारी १९७६ ला सुरक्षा परिषदेत मायोतमधले नवे मतदान थांबवण्याचा ठराव आला, तो फ्रान्सने नकाराधिकार वापरून पाडला. दोनच दिवसांनी मतदान झाले आणि ९९ टक्क्यांहून जास्त मते फ्रान्समध्ये राहण्याच्या बाजूने पडली. एप्रिलमध्ये दर्जाविषयी पुन्हा विचारले तेव्हा लोकांनी सरकारी पर्याय बाजूला सारले आणि मागणीच्या स्वतःच्या चिठ्ठ्या पेटीत टाकल्या. 'जिल्हा करा' एवढेच त्यांचे म्हणणे होते.

जवळपास दोन तृतीयांशाचे वर्षभरात नव्याण्णव टक्के कसे झाले? हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. १९७४ ला मायोतमध्येच स्वातंत्र्याच्या बाजूने मते देणारे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होते. शेजारच्या बेटांशी हातमिळवणी करा म्हणणारे, म्हणून त्यांना 'सेरलामेन' हे नाव पडले होते. फ्रान्सच्या बाजूचे ते 'सोरोदा', म्हणजे शिपाई. १९७६ पर्यंत यातल्या अनेक सेरलामेन कुटुंबांना दमदाटीने बेट सोडावे लागले होते. बाकीचे गप्प बसले. बेट हा घटक धरून ज्यांनी आपले अल्पसंख्यपण वाचवले, त्यांनी आपल्या पोटातल्या अल्पसंख्याकांची गय केली नाही. मोठ्या घटकात आपण चिरडले जाऊ ही मायोतची भीती आम्हाला समजते. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या कुणालाही ती समजेल. पण सेरलामेन घराण्यांचे काय? त्यांच्यासाठी कुठल्या परिषदेत नकाराधिकार वापरला गेला नाही, आणि कुठला ठरावही झाला नाही.

फ्रान्सचा हेतू निव्वळ लोकशाहीचा होता असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. मोझांबिकच्या सामुद्रधुनीवर नजर ठेवायला द्झाऊद्झीसारखा तळ फुकट कोण सोडतो? आणि या तत्त्वाची कसोटी वीस-बावीस वर्षांनी लागलीच. ऑगस्ट १९९७ मध्ये आंजुआन बेट कोमोरोसमधून फुटले. कारभार कोलमडला होता, पगार मिळत नव्हते आणि पलीकडे मायोतचे दिवे दिसत होते. आंजुआनने पॅरिसला सांगितले, आम्हालाही परत घ्या. ऑक्टोबरमध्ये त्यांनीही मतदान घेतले, तिथेही ९९ टक्क्यांच्या वर मते फुटून निघण्याच्या बाजूने पडली. फ्रान्सने साफ नकार दिला, कारण आता कोमोरोसची अखंडता जपायची होती! १९७४ ला जे बेट घटक होऊ शकत होते, ते १९९७ ला का नाही? याचे उत्तर पॅरिसने दिले नाही, आणि द्यायला त्याच्याकडे होते असेही वाटत नाही. २००१ ला फोंबोनीच्या करारानंतर प्रत्येक बेटाला स्वायत्तता आणि राष्ट्राध्यक्षपद आळीपाळीने, अशी तोड निघाली. तरीही मार्च २००८ ला आफ्रिकी संघाच्या फौजेला आंजुआनवर उतरावे लागले, आणि तिथला बंडखोर अध्यक्ष पळाला तो थेट मायोतला.

मायोतची जिल्ह्याची मागणी अखेर मान्य झाली. २९ मार्च २००९ ला ९५ टक्के मते तिच्या बाजूने पडली आणि ३१ मार्च २०११ ला मायोत फ्रान्सचा १०१ वा जिल्हा झाला. त्याची किंमत आधीच सांगून ठेवलेली होती. २०१० च्या अध्यादेशाने काझींचे न्यायदानाचे अधिकार संपले, नव्या बहुपत्नी विवाहांना बंदी आली, मुलीच्या लग्नाचे वय १५ वरून १८ झाले. काझी आता सल्लामसलतीपुरते उरले. 'मिन्हाज' घरी आणि मदरशात राहिला, कचेरीतून गेला. व्यक्तिगत कायद्याच्या वादात इतकी वर्षे अडकलेल्या आम्हा भारतीय मुसलमानांना हे वाचून नवल वाटेल. जवळपास सगळी मुसलमान वस्ती असलेल्या मुलखाने हे सारे माहीत असूनही 'हो' म्हटले. त्यांनी शरियत सोडली असा याचा अर्थ कुणी काढू नये; मशिदी भरलेल्याच असतात. त्यांना दवाखाना हवा होता, शाळा हवी होती, मोरोनीचा हुकूम नको होता. बायकांची चळवळ ज्या बेटावर झाली तिथे काझीच्या कचेरीसाठी मोर्चे निघाले नाहीत, यात आम्हाला तरी आश्चर्य वाटत नाही.

पण ज्यांना या मोजणीत कुठेच जागा नव्हती, ते समुद्रात आहेत. आंजुआन ते मायोत अंतर जेमतेम ७० किलोमीटर. लोक मनात येईल तेव्हा जा-ये करत. जानेवारी १९९५ मध्ये फ्रान्सने व्हिसा लावला आणि मामाच्या गावाला जाणे गुन्हा झाला. तेव्हापासून रात्रीच्या अंधारात 'क्वासा-क्वासा' नावाच्या चिंचोळ्या मासेमारी होड्या निघतात. त्यात गरोदर बाया असतात, आजारी म्हातारे असतात, मुले असतात. आजवर हजारो बुडाले. नेमकी गणती कुणीच केलेली नाही. २०१७ च्या जनगणनेत मायोतची वस्ती अडीच लाखांच्या वर होती आणि त्यातले जवळपास निम्मे परदेशी नागरिक. हे परदेशी बहुतेक शेजारच्या बेटांवरचे. ज्यांच्याशी सोयरीक होती, तेच आता घुसखोर झाले. त्यांना परत पाठवा म्हणून मोर्चे काढण्यात पुढे आहेत त्याही बायकाच. १४ डिसेंबर २०२४ ला 'चिडो' चक्रीवादळाने मायोतच्या डोंगरउतारांवरच्या पत्र्याच्या वस्त्या उडवून दिल्या. निवाऱ्याला गेलो तर पोलीस धरतील, या भीतीने अनेकजण झोपड्यांतच थांबले होते. २०२५ मध्ये फ्रान्सने मायोतमध्ये जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वाचे नियम आणखी कडक केले. फ्रान्सच्या एका जिल्ह्यात एक कायदा आणि दुसऱ्यात दुसरा. मायोतवाले ज्या बरोबरीसाठी पन्नास वर्षे झगडले, तिला या बाबतीत त्यांच्याच मागणीवरून मुरड घातली गेली.

कोमोरोसच्या झेंड्यावर हिरव्या त्रिकोणात चंद्रकोर आहे आणि तिच्याजवळ चार चांदण्या. बाजूला चार पट्टे: पिवळा मोहेलीचा, तांबडा आंजुआनचा, निळा ग्रांद कोमोरचा आणि पांढरा मायोतचा. २००१-०२ मध्ये हा नवा झेंडा आला तेव्हाही त्यात मायोतचा पांढरा पट्टा ठेवला गेला. दर वर्षी १२ नोव्हेंबरला मोरोनीत माओरे दिवस पाळतात, भाषणे होतात, मायोत आमचे आहे असे ठणकावून सांगितले जाते. त्याच रात्री आंजुआनच्या किनाऱ्यावर होडीत जागा मिळवायला माणसे उभी असतात. त्यांनाही मायोतलाच जायचे असते.